दात कशाने घासतेस?

ऑगस्ट २०२२ मध्ये मुंबई पोलिसांच्या अमली पदार्थविरोधी कक्षाने नालासोपाऱ्यात एका कारखान्यावर छापा घातला. सातशे किलोहून जास्त मेफेड्रोन, म्हणजे एमडी, सापडलं. त्याची किंमत चौदाशे कोटी रुपयांच्या घरात असल्याचं पोलिसांनी सांगितलं. मग कितीतरी दिवस विरार लोकलमध्ये, रिक्षा स्टँडवर आणि सोसायट्यांच्या व्हॉट्सअॅप गटांवर ‘एमडी’ हा एकच विषय होता. वसई तालुक्याच्या पूर्व पट्ट्यातल्या एका उपकेंद्रात काम करणाऱ्या सिस्टरलाही नातेवाइकांचे फोन आले. तुमच्याकडे येतात का गं तसल्या बाया? पोटुशी असताना पावडर घेणाऱ्या?

तिने खरं ते सांगितलं. तिच्या नोंदवहीत एमडी घेणारी एकही गरोदर बाई नव्हती. नशेची पावडर मात्र वीटभट्टीवरच्या जवळपास प्रत्येक झोपडीत होती, आणि ती बायका स्वतःच चुलीवर भाजत होत्या.

ती पावडर म्हणजे मशेरी. घाटावर तिला मिश्री म्हणतात. बाजारातून तंबाखूची सुकी पानं आणायची, तव्यावर काळी पडेपर्यंत भाजायची, चुरगाळून बारीक करायची आणि डबीत भरून ठेवायची. भाजताना घरभर ठसका उठतो, पोरं खोकत अंगणात पळतात. सकाळी उठल्यावर डाव्या तळव्यावर चिमूटभर घ्यायची, उजव्या हाताच्या तर्जनीने हिरड्यांना लावायची आणि थोडा वेळ तोंडात धरून थुंकायची. बघणाऱ्याला वाटतं, बाई दात घासते आहे. ती खरोखरच दात घासते आहे. पण न्याहारीच्या आधी, दुपारी जेवण झाल्यावर, संध्याकाळी काम आटोपल्यावर आणि रात्री आडवं होण्यापूर्वी पुन्हा तेच होतं, तेव्हा त्याचा दातांशी संबंध उरलेला नसतो. हिरड्यांच्या पातळ त्वचेतून निकोटिन सरळ रक्तात उतरत असतं.

२०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातल्या सुमारे १७ टक्के प्रौढ स्त्रिया कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेतात आणि त्यांतल्या जवळजवळ सगळ्या बिनधुराची. बाईने बिडी ओढली तर गावात चर्चा होते. मशेरी लावली तर कुणी मान वळवूनही बघत नाही. सासू सुनेला देते, आई मुलीला. दात यायला लागलेल्या नातीच्या हिरडीवर आजी बोट फिरवते, तेही कौतुकाने.

शिरसाड फाट्यावरून अंबाडीकडे निघालं की पारोळ, उसगाव ही गावं लागतात. अलीकडे तानसेच्या काठाला खानिवडे, भाताणे. दिवाळी उरकली की या पट्ट्यातल्या वीटभट्ट्या जाग्या होतात. जव्हार, मोखाडा, विक्रमगडकडून वारली आणि कातकरी कुटुंबं चूल-भांडी, कोंबड्या आणि लहान पोरं घेऊन टेम्पोतून उतरतात. उचल आधीच घेतलेली असते. ती पावसाळ्यात खाऊनही संपलेली असते. आता ती फेडायची. पहाटे दोन-तीनला उठून चिखल मळायचा, ऊन चढायच्या आत विटा पाडायच्या, दुपारी थोडी पाठ टेकायची, पुन्हा संध्याकाळी उभं राहायचं. आठवड्याला मालकाकडून खर्ची मिळते. त्या पैशात तांदूळ, मिरची, सुकट, तेल आणि तंबाखूची पुडी बसवायची असते.

सिस्टरच्या कामाचा मोठा भाग या झोपड्यांत जातो. गरोदर बाईची नोंदणी, वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन, धनुर्वाताचं इंजेक्शन, लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या. माता व बाल संरक्षण कार्ड बहुतेकींचं गावाकडे पत्र्याच्या पेटीत राहिलेलं असतं, त्यामुळे सगळं पहिल्यापासून विचारावं लागतं. पहिलटकरीण का? आधीची बाळंतपणं कुठे झाली? घरात कुणाला क्षय? काही व्यसन? शेवटच्या प्रश्नाला उत्तर ठरलेलं असे : नाय.

हे उत्तर खोटं नव्हतं. व्यसन म्हटलं की त्या बायकांच्या डोळ्यांसमोर नवरा येई. तोच ताडी पितो, मोहाची दारू पितो, खर्ची उडवतो. आपण सकाळी दात घासतो, त्यात व्यसन कसलं? सिस्टरबरोबर फिरणारी आशा कार्यकर्ती याच पट्ट्यातली, वारली घरातली. एका नोंदणीच्या वेळी ती शेजारी बसून सगळं ऐकत होती. पोरीने ‘नाय’ म्हटल्यावर तिला हसू आलं. “सिस्टर, असं नका विचारू. दात कशाने घासतेस, ते विचारा.” सिस्टरने विचारलं. पोरीने लुगड्याच्या गाठीतून पत्र्याची डबी काढून समोर धरली.

त्या दिवसापासून प्रश्न बदलला. दात कशाने घासतेस? दिवसातून कितीदा? पहिल्यांदा कधी, शेवटची कधी? घरात भाजतं कोण? उत्तरं भराभर येऊ लागली, कारण यात लपवण्यासारखं काही आहे असं कुणालाच वाटत नव्हतं. मासिक सभेत सिस्टरने हे सांगितलं, तेव्हा एका जुन्या सहकारिणीने विचारलं, “हो, पण मशेरीने होतं काय? आमच्या आजीने अकरा बाळंतपणं केली मशेरी लावून.”

या प्रश्नाचं सर्वांत पक्कं उत्तर वसईहून फार लांब शोधावं लागत नाही. ते मुंबईच्या चाळी-वस्त्यांतून आलेलं आहे. प्रकाश गुप्ता आणि एस. श्रीविद्या यांनी घरोघर फिरून तीन ते सात महिन्यांच्या १२१७ गरोदर स्त्रिया नोंदवल्या आणि बाळंतपणापर्यंत त्यांचा माग ठेवला. हा अभ्यास २००४ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाला. बिनधुराचा तंबाखू घेणाऱ्यांमध्ये मशेरीवाल्याच जास्त होत्या. अशा आयांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमने हलकी निघाली आणि सरासरी सहा दिवस आधी जन्मली. आईचं शिक्षण, वय, वजन, घरची परिस्थिती या गोष्टींचा हिशेब करूनही फरक उरलाच. याच स्त्रियांच्या माहितीवर आधारलेला दुसरा लेख २००६ मध्ये आला. त्यात मृत मूल जन्मण्याचा धोका तंबाखू घेणाऱ्यांत अडीचपटीहून जास्त दिसला.

सहा दिवस. सिस्टर या आकड्यापाशी बराच काळ थांबली. एका बाईच्या बाळंतपणात सहा दिवस कुणाला दिसणार? शेवटच्या पाळीची तारीखच जिथे धड ठाऊक नसते, तिथे बाळ सोमवारी आलं काय नि पुढच्या रविवारी आलं काय. आजीच्या अकरा बाळंतपणांतही ते दिसलं नसतं. हजारभर बायका ओळीने मोजाव्यात, तेव्हा कुठे ते सहा दिवस कागदावर उमटतात. पण सरासरीच्या पोटात आणखी एक गोष्ट दडलेली होती. ३७ आठवड्यांच्या आत होणाऱ्या बाळंतपणांची शक्यता तंबाखू घेणाऱ्यांत सुमारे १.४ पट होती. ३२ आठवड्यांच्या आतल्या बाळंतपणांची मात्र जवळजवळ पाचपट आणि २८ आठवड्यांच्या आतल्यांची आठपट. म्हणजे प्रत्येक बाईचे सारखेच सहा दिवस जात नव्हते. पुष्कळजणींचं फारसं काही बिघडत नव्हतं आणि मोजक्या काहीजणींचे दोन-दोन महिने जात होते. त्या मोजक्या बायका सिस्टरला चेहऱ्यानिशी आठवत होत्या.

यामागचं कारण शरीराच्या साध्या व्यवहारात आहे. निकोटिन रक्तात मिसळलं की आईच्या रक्तवाहिन्या आकसतात, हृदयाचे ठोके वाढतात आणि वारेकडे जाणारा रक्ताचा ओघ मंदावतो. ते वार ओलांडून गर्भापर्यंत पोचतं आणि गर्भाच्या रक्तात त्याचं प्रमाण आईपेक्षाही वाढू शकतं. तंबाखूच्या पानात कॅडमियम आणि शिसं असतं; पान भाजल्याने कर्करोगकारक घटकांची त्यात भर पडते. बिडी ओढणाऱ्या बाईच्या रक्तात कार्बन मोनॉक्साइड मिसळतो, तसा तो मशेरीने मिसळत नाही. म्हणून पूर्वी काही जाणकारही मशेरीला सौम्य समजत. वजनाचे आणि आठवड्यांचे आकडे हाती आल्यावर तो समज टिकण्यासारखा राहिला नाही.

तरीही प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांचा आक्षेप सिस्टरला पटत होता. भट्टीवरच्या बाईचं हिमोग्लोबिन आठच्या आसपास, वय कधी कधी अठराही नाही, दोन मुलांत अंतर नाही, पहाटेपासून ओणवं काम, लघवीच्या जागी जंतुसंसर्ग. यांतली प्रत्येक गोष्ट बाळाला लवकर बाहेर ढकलू शकते. मग मशेरीलाच का धरायचं? सिस्टरचं उत्तर व्यवहाराचं होतं. पोरीचं वय मी बदलू शकत नाही, भट्टीचं काम बंद करू शकत नाही, उचल फेडू शकत नाही. डबीबद्दल बोलू शकते.

बोलायचं तर आधी महिने नीट मोजायला हवेत. जागतिक आरोग्य संघटना आणि सहकारी संस्थांच्या अंदाजानुसार २०२० मध्ये जगात १ कोटी ३४ लाख बाळं ३७ आठवड्यांच्या आत जन्मली. त्यांतली सुमारे ३० लाख भारतातली, इतर कोणत्याही देशापेक्षा जास्त. भट्टीवर मात्र ‘अपुऱ्या दिवसांचं’ हे अनेकदा ओळखूही येत नाही. बाळ लहान असलं की ‘बारीक आहे’ म्हणतात. पाळीची तारीख विचारली की उत्तर येतं : होळीला बसले होते. भाताची लावणी संपली तेव्हा. वाघबारशीच्या आधी.

सिस्टरने यावर स्वतःची युक्ती काढली. दरवर्षी कालनिर्णय आलं की ती एका वहीत तारखा उतरवून घेते : नवरात्र, वाघबारस, दिवाळी, होळी, अक्षय्य तृतीया, जव्हारकडच्या जत्रा, भट्टीवर टेम्पो आला तो दिवस. बाई म्हणते, “इथं आल्यावर एकदाच बसले, मग नाय.” टेम्पोचा दिवस माहीत असला की मोजणी चार-सहा दिवसांच्या फरकाने जमते. जमेल तिला लवकर सोनोग्राफीला पाठवायचं. दर महिन्याच्या नऊ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी असते, तेव्हा गाडीची सोय झाली तर उत्तम. पण नऊ तारीख भट्टी भरण्याच्या दिवशी आली, तर मुकादम जाऊ देत नाही, आणि त्या दिवसाची मजुरी बुडवायला बाईही तयार नसते.

ही मोजणी कशाला, याचं उत्तर एका रात्री मिळालं. भट्टीवरून फोन आला : कळा सुरू झाल्यात, अजून वेळ आहे म्हणत होते, पण पाणी गेलं. वहीतल्या हिशेबाने एकतिसावा आठवडा. केंद्र सरकारच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार २४ ते ३४ आठवड्यांच्या दरम्यान कळा आल्या तर मोठ्या रुग्णालयात पाठवण्यापूर्वी डेक्सामेथासोनचा पहिला डोस परिचारिकेलाही देता येतो. एकूण चार डोस बारा-बारा तासांच्या अंतराने. त्याने बाळाच्या फुप्फुसांना लवकर परिपक्वता येते. पण आठवडेच माहीत नसतील तर सुई हातात घेऊन काय करणार? सिस्टरने वही पाहिली, डॉक्टरांना फोन केला, इंजेक्शन दिलं आणि १०८ च्या गाडीत स्वतः बसली. महामार्गावर वर्सोवा पुलाच्या अलीकडे ट्रकांची रांग लागली होती. बाईने दोन्ही मुठींत तिचा हात धरून ठेवला होता. मुंबईच्या रुग्णालयात दुसऱ्या दिवशी मुलगी जन्मली, दीड किलोच्या आत-बाहेर. ती कित्येक आठवडे काचेच्या पेटीत राहिली आणि वाचली. तिच्या आईचा पहिला प्रश्न होता, “सिस्टर, मशेरी आणलीस का?” सिस्टरला तेव्हा राग आला नाही. दीड दिवस तंबाखू तोंडात नाही म्हणजे त्या बाईचं डोकं किती ठणकत असेल, हे तिला कळत होतं.

दुसरी एक पोर, वीस-एकवीस वर्षांची, जव्हारकडची. आधीच्या वर्षी भट्टीवरच तिचं मूल वेळेआधी झालं आणि गेलं. ‘सातव्याचं मूल जगतं, आठव्याचं जगत नाही’ ही समजूत सगळीकडे असते तशी तिच्या सासूलाही होती. वास्तविक आईच्या पोटात जितके जास्त दिवस, तितकी जगण्याची शक्यता जास्त. आठव्या महिन्यातलं बाळ सातव्यातल्यापेक्षा सरस असतं. पण सासू आकाशाकडे बोट दाखवी आणि विषय संपे. पोरीला पुन्हा दिवस गेले होते. दात कशाने? मशेरीने. कितीदा? तिने कामाच्या क्रमाने सांगितलं : उठल्यावर, चिखल मळून झाल्यावर, न्याहारीच्या आधी, विटा पाडून झाल्यावर, रात्री. दिवस गेल्यापासून वाढली होती, कारण मळमळ थांबते.

सिस्टरने नेहमीप्रमाणे लोहाच्या गोळ्या दिल्या आणि मशेरी कमी कर म्हणून सांगितलं. पुढच्या भेटीत मशेरी पाचावरून सहावर गेली होती. कारण विचारलं, तर पोर आधी बोलेना. मग आशाने आडपडदा न ठेवता विचारलं आणि उत्तर निघालं. तुमच्या गोळ्यांनी शौचाला घट्ट होतं. मशेरी लावल्याशिवाय साफ होत नाही.

कोड्याचे दोन तुकडे तिथे जुळले. लोहाच्या गोळीने बद्धकोष्ठ होतं, मळमळ होते. हे सगळ्या सिस्टरांना ठाऊक असतं. निकोटिनने आतड्यांची हालचाल वाढते. हे डबी बाळगणाऱ्या प्रत्येक बाईला ठाऊक असतं. एका हाताने दिलेली गोळी दुसऱ्या हातात डबी देत होती. रक्त वाढवायला जावं तर तंबाखू वाढत होता, आणि तंबाखू सोडायला सांगावं तर गोळ्या झोपडीच्या कुडात खोचल्या जात होत्या.

मग सोडण्याचा आग्रह धरण्याऐवजी मशेरी काय काय कामं करते याची यादी झाली. पोट साफ करते. मळमळ थांबवते. भूक मारते. पहाटे झोप उडवते. दात दुखत असला तर बधिर करते. प्रत्येक कामाला दुसरी काहीतरी सोय शोधायची. गोळी रात्री जेवणानंतर, चहाबरोबर अजिबात नाही. टँकरचं पाणी मोजकं असलं तरी सकाळी उठल्या उठल्या दोन तांबे प्यायचं. शेवग्याचा पाला भट्टीच्या कडेलाच होता. मळमळीला भाजलेल्या चण्याची पुडी आणि बडीशेप. अंगणवाडीत नाव घालून आहार सुरू करायचा. स्थलांतरित असली तरी तिचा तो हक्क आहे. दाताला मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या आणि एक ब्रश. निकोटिनचं च्युइंगम वगैरे शहरातले उपाय गरोदरपणात डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय द्यायचे नसतात, त्यामुळे ते बाजूलाच राहिले. आधी रात्रीची वेळ सोडायची, मग विटा पाडून झाल्यावरची. पहाटेची सगळ्यांत शेवटी, कारण तीच सर्वांत घट्ट असते.

कमी करण्याचा उपयोग होतो का, यावरही महाराष्ट्रातच काम झालेलं आहे. डॉ. आशा प्रतिनिधी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्रामीण भागातल्या मिश्री लावणाऱ्या गरोदर स्त्रियांना समजावून त्यांचा पाठपुरावा केला होता. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ज्यांनी मिश्री सोडली किंवा कमी केली त्यांना त्याचा लाभ झालेला दिसला. सिस्टरच्या दृष्टीने ‘किंवा कमी केली’ हे तीन शब्द फार मोलाचे होते. पाचावरून एकदम शून्यावर ये म्हटलं की बाई पुढच्या खेपेला तोंड चुकवते. पाचावरून चारवर ये म्हटलं की ती येते आणि स्वतःहून सांगते, तीनवर आले.

रागावून काय होतं, याचे दाखले जगात इतरत्रही आहेत. अमेरिकेत १९८९ च्या सुमारास साउथ कॅरोलायनातल्या चार्ल्स्टन शहरात एका सार्वजनिक रुग्णालयाने गरोदर स्त्रियांच्या लघवीत कोकेन तपासून ती माहिती पोलिसांना द्यायला सुरुवात केली. काही स्त्रियांना अटक झाली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २००१ मध्ये न्यायालयाने अशी संमतीविना तपासणी घटनाबाह्य ठरवली. कोकेनमुळे वार वेळेआधी सुटू शकते, मूल लवकर जन्मू शकतं, हे खरंच आहे. पण जिला पोलिसांची भीती वाटते ती बाई दवाखान्याचीच पायरी टाळते, म्हणून तिथल्या वैद्यक संघटनांनी अशा शिक्षांना विरोध केला. आपल्याकडे भट्टीवर पोलिसांची गरजही पडत नाही. चारचौघींत सिस्टरने एकदा आवाज चढवला तरी तेवढं पुरतं.

कायद्याने काही केलेलं नाही असंही नाही. टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला १९९२ पासून देशभर मनाई आहे आणि १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटखाबंदी आहे. पण मशेरी कुठल्या कारखान्यात बनतच नाही. आठवडे बाजारात तंबाखूचं पान उघड मिळतं आणि बाकीचं काम तवा करतो. नालासोपारा पूर्वेच्या चाळींत उत्तरेकडून आलेल्या बायका गुल लावतात. तीही तंबाखूचीच दंतपावडर, आणि ‘व्यसन?’ या प्रश्नाला त्यांचंही उत्तर ‘नहीं’ असंच असतं. अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर मासळी निवडणाऱ्या बायकांच्या कमरेलाही डबी असते. एमडीचा छापा बातमीत येतो, तो यायलाच हवा. उत्तेजक द्रव्यांनी रक्तवाहिन्या आकसतात आणि गरोदर बाईला त्यांचा धोका मोठाच. पण तालुक्यातल्या सगळ्या डब्या एकत्र केल्या तर किती किलो भरतील, याचा पंचनामा कोणी करत नाही.

ती जव्हारकडची पोर चैत्रापर्यंत दिवसाला एकावर आली. पहाटेची शेवटपर्यंत सुटली नाही. वहीच्या हिशेबाने छत्तिसाव्या आठवड्यात तिला कळा आल्या. पुरे दिवस भरायला एक आठवडा कमीच. मुलगा झाला, २१५० ग्रॅमचा. आठव्यातला म्हणून सासू दूरच बसली. आशाने पोरीच्या उघड्या छातीशी बाळ ठेवलं, वरून लुगडं गुंडाळलं आणि सासूला सांगितलं, असंच ठेवायचं, पोर दमली की तुम्ही घ्यायचं. कोलंबियातल्या बोगोटा शहरात १९७०च्या दशकाच्या अखेरीस पेट्या अपुऱ्या पडल्या म्हणून सुरू झालेली ही कांगारू पद्धत. भट्टीवरच्या झोपडीत पेटीच नसते, म्हणून तिथे ती चपखल बसली. तिसऱ्या दिवशी सासू पदराखाली नातवाला घेऊन बसली होती आणि आशाच्या सांगण्यावरून तिने तेव्हापुरती डबी बाहेर ठेवली होती.

मशेरी पाचावरून एकावर आली नसती तर हे मूल कितव्या आठवड्यात आलं असतं? सिस्टरला ठाऊक नाही आणि एका मुलावरून ते कधीच कळणार नाही. मासिक सभेत ती या पोरीचा दाखला देत नाही. १२१७ बायकांचा देते.

सभेत तिने एक मागणीही मांडली : नोंदणीच्या नमुन्यात व्यसनाच्या रकान्यापुढे ‘दात कशाने घासते’ एवढी एक ओळ घालावी. नमुना वरून येतो, तो इथे बदलता येत नाही, असं उत्तर मिळालं. तेव्हापासून ती कार्डाच्या समासात लाल पेनने लिहिते : मशेरी, किती वेळा, कोणत्या वेळा. पावसाच्या तोंडावर कुटुंबं परत निघतात तेव्हा कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून बाईच्या हातात देते आणि गावाकडच्या आशाला फोन करते. गेल्या दिवाळीनंतर टेम्पोतून उतरलेल्या बायकांकडे दोन-तीन कार्डं अशी निघाली, ज्यांच्या समासात जव्हारकडच्या एका आशाने आधीच लिहून ठेवलं होतं : मशेरी, दिवसाला चार. कोणत्या वेळा, ते लिहायचं राहिलं होतं. सिस्टरने तिथेच उभ्या उभ्या तिला फोन लावला.